शिळा भात आणि अठ्ठावीस पानं

मामाच्या हातात अठ्ठावीस पानांचा रंगीत अहवाल होता आणि ताईच्या हातात लॅबचा एक साधा कागद. दोघंही आपापला पुरावा दुसऱ्याच्या नाकासमोर धरून बसले होते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो.

मामाचं घर चारकोपला. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे छोटे छोटे प्लॉट पाडले, त्यातलं हे एक. मामा देवगडकडून मुंबईत आला, महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि इथेच निवृत्त झाला. वय एकाहत्तर, मधुमेह सोळा वर्षांचा, अंगाने काटकुळा. ताई सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, काही वर्षं प्रयोगशाळेत होती, आता कॉलेजात शिकवते. म्हणजे भांडण दोन शिक्षकांचं. माझं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आल्यापासून मीही या वर्गात पुढच्या बाकावर बसतो.

"फास्टिंग दोनशे बारा," ताई म्हणाली. "एचबीएवनसी सात पॉइंट चारवरून आठ पॉइंट नऊ. मामा, गोळी सोडलीस ना तू?"

"मेटफॉर्मिन तेवढी. दुसरी घेतोय."

"कधीपासून?"

"होळीपासून."

आता पाऊस तोंडावर आला होता. ताईने कागद खाली ठेवला. मामाने त्याच्या शेजारी एक प्लास्टिकची डबी ठेवली, बुद्धिबळात वजीर सरकवावा तशी. आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंच्या कॅप्सूल. विष्ठेचा नमुना एका कंपनीकडे पाठवला, अठ्ठावीस पानं आली, त्यांच्या मागून फोन आला आणि फोनमागून डबी. फोनवरच्या मुलीने सांगितलं होतं, की आतडं सुधारलं की गोळ्या हळूहळू कमी होतात. मामाने ‘हळूहळू’ हा शब्द गाळला.

"अगो बाय, तू तरी असं बघू नकोस," मामा म्हणाला. "सोळा वर्षं मी साखर मोजतोय. गोड बंद, भात बंद, बटाटा बंद. ही साखर वाढते का, हे एकाने तरी विचारलं? गोळी म्हणजे गळक्या छपराखाली ठेवलेली बादली. मी छपरावर चढलो, एवढंच."

"चढलास आणि बादली फेकून दिलीस."

चहा आला. मामाने खिशातून गोडव्याच्या दोन बारीक गोळ्या काढून कपात टाकल्या. ताई ते बघत होती, पण तो मुद्दा तिने पुढच्यासाठी राखून ठेवला.

मामाची बाजू मी आधी मांडतो, कारण ती वाटते तितकी भाबडी नाही. त्याने अहवालाची मागची कोरी बाजू घेतली, पेन काढलं आणि आतडं काढलं. शिक्षक तो शिक्षकच. आपण खातो त्यातला भात-साखर लहान आतड्यातच विरघळून रक्तात जाते. चोथा मात्र आपल्याला पचत नाही. ज्वारीचा कोंडा, मुगाचं साल, गवारीच्या शिरा हे सगळं जसंच्या तसं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे जीवाणू वाट बघत असतात.

"आपल्या पेशींच्या दहापट!" मामा म्हणाला.

"दहापट नाही," ताई म्हणाली. "तो जुना अंदाज. २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या लोकांनी पुन्हा हिशेब केला. जीवाणू साधारण अडतीस लाख कोटी, आपल्या पेशी तीस लाख कोटी. जवळजवळ बरोबरीत. सगळ्यांचं मिळून वजन पाव किलोही नाही."

"बरं, पाव किलो," मामा म्हणाला. "पण काम बघ." जीवाणू चोथा आंबवतात आणि त्यातून लहान साखळ्यांची आम्लं तयार होतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं रोजचं इंधन. ही आम्लं जाणवली की अस्तरातल्या काही खास पेशी जीएलपी-वन नावाचं संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला सांगतं, इन्सुलिन सोड. पोटाला सांगतं, दमाने घे. मेंदूला सांगतं, पुरे झालं. आज वजन उतरवायला जी महागडी इंजेक्शनं टोचून घेतात, ती याच संप्रेरकाची नक्कल. चोथा मिळाला नाही तर काही जीवाणू अस्तरावरचा बुळबुळीत थरच कुरतडू लागतात. मग भिंत सैल होते, जीवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात, अंगात बारीक दाह धुमसत राहतो आणि त्या धुरात पेशींना इन्सुलिनची हाक ऐकू येत नाही.

"हे सगळं मी मान्य करते," ताई म्हणाली. "शेवटची पायरी उंदरांमध्ये जितकी पक्की आहे तितकी माणसांत नाही, तरीही."

"मग भांडतेस कशाला?"

"कारण तुला यंत्र समजलं म्हणून तू यंत्राचा मेकॅनिक झालास असं तुला वाटतंय."

मामाने शस्त्रं बाहेर काढली. तयारी कच्ची नव्हती. २०१२ मध्ये चीनमधल्या ३४५ लोकांच्या विष्ठेतली जनुकं तपासली, तेव्हा मधुमेहींमध्ये ब्युटिरेट बनवणारे जीवाणू कमी निघाले. त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये सडपातळ माणसांची विष्ठा, नीट प्रक्रिया करून, स्थूल पुरुषांच्या आतड्यात सोडली आणि सहा आठवड्यांत त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला.

"अठरा पुरुष," ताई म्हणाली. "आणि दुसऱ्याची विष्ठा मिळाली ती निम्म्यांनाच. त्याच गटाने पुढे मोठा प्रयोग केला, २०१७ मध्ये छापला. अठरा आठवड्यांनी बघितलं तर फरक पुसला गेला होता. पाहुणे आले, राहिले, निघून गेले. घर ज्याचं होतं त्याचंच राहिलं."

यानंतर ताईने जे सांगितलं त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

चीनच्या अभ्यासानंतर स्वीडनमधून तसाच एक आला, पण दोघांच्या याद्या जुळेनात. मधुमेहाची आतड्यातली खूण म्हणून ज्या जीवाणूंची नावं एकाने दिली, ती दुसऱ्याकडे नव्हती. २०१५ मध्ये डेन्मार्क, स्वीडन आणि चीनमधले मिळून ७८४ नमुने पुन्हा चाळले गेले. या वेळी संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला: यातले मेटफॉर्मिन कोण घेतं? आणि मधुमेहाची म्हणून मिरवलेली बरीचशी खूण निघाली गोळीची.

मामा गप्प झाला.

"म्हणजे मेटफॉर्मिन आतड्यातले जीवाणू बदलतं," मी म्हटलं.

"बदलतं, आणि चांगलंच बदलतं. दोन वर्षांनी आणखी एक प्रयोग झाला. नुकताच मधुमेह कळलेल्या, एकही गोळी न घेतलेल्या लोकांना चार महिने मेटफॉर्मिन दिलं. मग त्यांची विष्ठा जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांना दिली. उंदरांना गोळी दिलीच नव्हती, तरी त्यांची साखर पचवायची ताकद सुधारली. गोळी यकृतावर काम करते हे खरंच, पण तिचा काही हिस्सा या जीवाणूंच्या हातून होतो. सुरुवातीला पोट फुगतं, जुलाब होतात, त्यातही बहुधा त्यांचा हात आहे." ताईने डबी उचलून मामासमोर धरली. "मामा, जीवाणू सुधारायचे म्हणून तू काय बंद केलंस? तुझ्याकडे जीवाणूंवर काम करणारं, हजारो लोकांवर तपासलेलं एकच औषध होतं. १९५७ पासून वापरात. जेनेरिक घेतलंस तर पट्टी वडापावच्या भावात."

काही वेळ रस्त्यावरच्या रिक्षांचाच आवाज येत राहिला.

"पण त्या ७८४ जणांत," मामा हळूच म्हणाला, "गोळीचा हिशेब वजा केल्यावर ब्युटिरेटवाले कमी होते की नव्हते?"

ताईला हसू आलं. "होते. तो मुद्दा तुझा."

"लिहून ठेव," मामा मला म्हणाला. ठेवला.

मग अहवाल. जाड चकचकीत कागद, आत एक लाल, एक पिवळा, एक हिरवा गोल. लाल गोलात नाव होतं ‘प्रिव्होटेला: प्रमाणापेक्षा जास्त’, शेजारी इन्सुलिन-रोधाचा इशारा. मामाच्या झोपेचं खोबरं केलं ते या ओळीने.

"डेन्मार्कमध्ये २७७ लोकांवर अभ्यास झाला, २०१६ मध्ये आला," ताई म्हणाली. "त्यात प्रिव्होटेलाची एक जात इन्सुलिन-रोधाशी जोडलेली निघाली. हा इशारा तिथून आलाय. पण त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमध्ये लोकांना तीन दिवस जवाचा पाव खायला घातला होता. ज्यांची साखर त्याने सुधारली, त्यांच्या आतड्यात जास्त काय होतं सांग?"

"सांग."

"प्रिव्होटेला."

मधे एक सामुद्रधुनी, आणि तोच जीवाणू एका काठावर चोर, दुसऱ्या काठावर साव. बहुधा जाती-पोटजातींचा फरक असेल, आहाराचाही असेल. पण खरी गंमत पुढे होती. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यातले जीवाणू इतर देशांतल्या लोकांशी ताडून पाहिले. आपल्याकडे जे ठळकपणे जास्त दिसले त्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा ही दोन नावं होती. भोपाळच्या शाकाहारी लोकांतही प्रिव्होटेलाचंच राज्य सापडलं; केरळच्या मासे-मांस खाणाऱ्यांत चित्र वेगळं होतं. धान्य-कडधान्यावर वाढलेल्या आतड्यात तो असायचाच.

"म्हणजे हे ‘प्रमाण’ कोणाचं?" मामाने विचारलं.

"तेच त्या मुलीला फोनवर विचारायला हवं होतंस. डेन्मार्कच्या मापाने चारकोपचा सदरा शिवलाय त्यांनी."

पुण्यातल्या संशोधकांनी भारतीय मधुमेहींच्या आतड्याचा अभ्यासही २०१७ मध्ये छापलाय. त्यात त्यांनी नुसते जीवाणू पाहिले नाहीत. मिथेन बनवणारे आद्यजीव आणि बुरशाही पाहिल्या, आणि त्यांच्यातही फरक दिसले. मामाच्या अठ्ठावीस पानांत बुरशीचा ‘ब’ नव्हता. माझं मत विचाराल तर असा अहवाल म्हणजे पत्रिका. भाषा शास्त्राची, उपयोग मन लावून वाचण्याइतकाच.

"कॅप्सूलचं काय?" मामा हट्ट सोडेना. "ती तरी बरी?"

"काही लहान प्रयोगांत साखर थोडीशी उतरलेली दिसते. थोडीशी. पण ते जीवाणू तुझ्या आतड्यात वस्तीला राहतीलच असं नाही. २०१८ मध्ये वाइझमन संस्थेतच अकरा जातींचं मिश्रण लोकांना देऊन थेट आतड्यातून नमुने काढले. काहींच्या आतड्याने त्यांना आत घेतलं, काहींच्या आतड्याने हाकलून लावलं. आणि प्रतिजैविकांनंतर ज्यांनी कॅप्सूल घेतल्या, त्यांचे स्वतःचे जीवाणू परत यायला उलट उशीर लागला."

इथे मामाने असा डाव टाकला की मी मनात टाळी दिली.

"ताक पितेस ना तू? आंबोळी खातेस? तुझी आजी नाचणीचं आंबील करायची, पीठ रात्रभर ताकात भिजवून. तेव्हा ना अहवाल होता ना कॅप्सूल."

"आंबील शिजवतात मामा. शिजवलं की जीवाणू मेले. इडली, ढोकळा, आंबोळी, सगळ्यांचं तेच."

"मेलेले चालत नाहीत?"

"मेलेले काय करणार?"

मामाने अहवालाचं विसावं पान उघडलं. ‘अ‍ॅकरमॅन्सिया’ या नावाखाली त्याने पेनाने रेघ ओढली होती. २००४ मध्ये हॉलंडमध्ये सापडलेला, आतड्याच्या बुळबुळीत थरात राहणारा हा जीवाणू. बेल्जियममध्ये २०१९ च्या अभ्यासात बत्तीस जणांनी प्रयोग पुरा केला. काहींना जिवंत जीवाणू दिले होते, काहींना दूध पाश्चराइझ करतात तसे तापवून मारलेले, काहींना नुसतंच खोटं औषध. इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला तो मेलेल्यांनी.

"त्यांच्या कवचावरचं एक प्रथिन तापवूनही टिकतं," ताई नाइलाजाने म्हणाली. "पण म्हणून आंबिलातले..."

"मी आंबिलाचं काही म्हटलं नाही. ‘मेलेले काय करणार’ असं तू म्हणालीस."

"दोन गुण तुझे," मी म्हटलं.

मात्र आजीच्या आहारावर मामा घसरला तेव्हा ताईने त्याला सोडलं नाही. नाचणीच्या पेजेने त्याची साखर कशी उसळते हे त्याच्याच वहीत होतं. पीठ जितकं बारीक आणि जितकं शिजलेलं, तितकी साखर लवकर रक्तात. मग ते नाचणीचं असो की मैद्याचं. हैदराबादच्या पोषण संस्थेच्या तक्त्यात नाचणी, ज्वारी, बाजरी यांत शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम चोथा आहे. सडलेल्या पांढऱ्या तांदळात तीनही नाही. पण त्याच तक्त्यात गव्हाची कणीकही अकराच्या आसपास आहे, आणि अख्खे मूग सतराच्या, अख्खा हरभरा पंचविसाच्या. "नाचणीला डोक्यावर घेऊन नाचता सगळे," ताई म्हणाली, "आणि उसळ पानात चमचाभर वाढता. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला किमान पंचवीस ग्रॅम चोथा. महापालिकेने त्यांच्याबरोबर २०२१ मध्ये मुंबईची पाहणी केली, तेव्हा सुमारे अठरा टक्के प्रौढांची उपाशीपोटी साखर मधुमेहाच्या रेषेवर होती. भाजी-फळं पुरेशी न खाणारे किती होते? नव्वद टक्क्यांच्या वर."

"पूर्वजांना हे ठाऊक होतं," मामा म्हणाला. "दही, ताक..."

"चरकाने प्रमेहाची कारणं दिलीयत. बसून राहणं, लोळत पडणं, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. त्या यादीत दहीही आहे."

मामाला हे माहीत नव्हतं. त्याने विषय बदलला.

"आपल्या घरात कोणी जाडं नाही. माझं वजन अठ्ठावन्न. मग मलाच कशी झाली ही साखर? आतड्यातच काहीतरी असणार."

या प्रश्नाला उत्तर पुण्यातच आहे, आणि ते आतड्याच्या बरंच आधीचं आहे. केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला बारीक, आतून जाड: भारतीय शरीराची ही तऱ्हा. त्यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांपासून सुरुवात करून मुलं वाढताना पाहिली, आणि हे ‘बारीक-जाडपण’ जन्मतानाच असतं असं त्यांना दिसलं. लहानखुरं बाळ, पण चरबी त्यामानाने टिकलेली.

"तेव्हा तुझ्या साखरेची मुळं शोधायची तर देवगडला जावं लागेल," ताई म्हणाली, "आजी पोटुशी असताना काय खात होती तिथपर्यंत. सगळं खापर पाव किलो जीवाणूंवर नको फोडू."

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या वेळी आई दिवसभर कातळावर गवत कापायची. दुपारी पेज आणि खारातली मिरची." एवढंच.

मी विषय वळवायला म्हटलं, की मग करायचं काय? मामाने श्रीकांत जिचकारांची कल्पना जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर नेली ती ‘दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांत’ पद्धतही करून पाहिलीय; सात महिने टिकली, गणपतीत मोडली. वजन तेव्हा त्रेपन्नवर गेलं होतं आणि मामी रडकुंडीला आली होती.

"शांघायचा प्रयोग बघ," ताई म्हणाली. "२०१८. त्रेचाळीस रुग्ण. सगळ्यांना साखरेची एकच गोळी. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला तऱ्हेतऱ्हेच्या चोथ्याचा भरपूर आहार, बारा आठवडे. एचबीएवनसी सातच्या खाली आलं ते पहिल्या गटात निम्म्यांचं, दुसऱ्या गटात दहातल्या जवळजवळ नऊ जणांचं. आणि विष्ठेत पंधरा जाती सापडल्या ज्या चोथ्यावर फोफावल्या. कोणी कॅप्सूल दिली नव्हती. त्या आतड्यात होत्याच, उपाशी होत्या. आणि मामा, गोळी कोणाचीच काढली नव्हती."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच."

"तू म्हणत होतास त्याचं अर्धं."

माझ्या मते इथे दोघंही हरले. सोळा वर्षांत मामाला चोथ्याबद्दल कोणी नीट सांगितलं नाही, ही त्याची तक्रार खरीच आहे; ‘भात बंद’ म्हणणं सोपं असतं, पानात काय वाढायचं हे सांगायला वेळ लागतो. ती पोकळी त्या डबीने भरली. आणि ताई, जिला हे सगळं पाठ आहे, ती या घरात दर गणपतीला येऊन मोदक खाऊन जात होती. तिनेही या आधी सांगितलं नव्हतं. मी हे बोललो नाही. चहाचे कप उचलले.

"आणि ते चहातलं," ताई म्हणाली, राखून ठेवलेलं काढत. "त्याच इस्रायलच्या गटाने २०२२ मध्ये एकशे वीस निरोगी लोकांना वेगवेगळे खोटे गोडवे दिले. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांची साखर हाताळायची ताकद बिघडली, आणि ते जीवाणूंमार्फत. सगळ्यांची सारखी नाही, काहींची जास्त."

"काहींची, काहींची! तुमच्या शास्त्रात सगळं ‘काहींचं’च असतं काय?"

"हो," ताई म्हणाली. "तोच तर शोध आहे." २०१५ मध्ये वाइझमन संस्थेनेच आठशे लोकांच्या अंगावर साखर मोजणारी यंत्रं लावली. तेच जेवण, पण एकाची साखर डोंगर चढते, दुसऱ्याची जागची हलत नाही. पुढे वीस जणांना एक आठवडा पांढरा पाव आणि एक आठवडा आंबवलेल्या गव्हाचा पाव दिला. सरासरी काढली तर फरक शून्य. माणूस माणूस पाहिला तर कोणाला हा बरा, कोणाला तो, आणि कोणाला कुठला हे त्यांच्या जीवाणूंवरून बऱ्यापैकी सांगता येत होतं.

हे ऐकून मामा उठला. सोळा वर्षांत एवढ्या चपळाईने तो कुठल्याही आहारसल्ल्यानंतर उठला नव्हता. फ्रीज उघडून त्याने भाताचं पातेलं बाहेर काढलं.

"कालचा," तो म्हणाला.

शिळ्या भाताची गोष्ट ताईलाही मान्य होती. शिजवून थंड केलेल्या भातातला काही स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्याला पचेनासा होतो. म्हणजे त्याचा चोथा होतो, जीवाणूंच्या वाट्याचा. इंडोनेशियात २०१५ मध्ये मोजलं होतं: ताज्या भातात शंभर ग्रॅमला ०.६४ ग्रॅम, चोवीस तास फ्रीजमध्ये ठेवून गरम केलेल्या भातात १.६५. पंधरा निरोगी माणसांत साखर कमी चढली.

"एक ग्रॅमचा फरक," ताई म्हणाली. "आणि भात बाहेर नव्हता ना राहिला? भातातले बॅसिलसचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उघड्यावर जागे होतात."

"निवला तसा आत ठेवला. मी विज्ञान शिकवलंय."

मामाच्या वहीत ताज्या भाताचे आकडे होते: वाटीभर भात, कुळथाची पिठी, दोन तासांनी २४१, २३८, २४४. आज तोच भात शिळा. आणि एकट्याने नाही, तिघांनी. ताई नको म्हणत होती, पण तिने आधी मामाकडून वचन घेतलं: डॉक्टरांना फोन आत्ता, गोळी त्यांनी सांगितली तशी उद्या सकाळपासून. स्पीकरवर डॉक्टर जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. फोन ठेवल्यावर मामाने डबी अहवालासकट कपाटाच्या वरच्या खणात टाकली. फेकली नाही, अठ्ठावीस पानांचे पैसे गेले होते.

आठ वाजता जेवलो. वाटी मामाने काठोकाठ सपाट केली, तिघांची सारखी, ताटातली पिठीही पळीने मोजून. दोन तास गप्पांत गेले. साडेनऊला ताई देवगडच्या पेटीतले शेवटचे हापूस चिरायला बसली. खायचे मोजून झाल्यावर, असा हुकूम.

दहा वाजता मामाने आपलं बोट टोचलं. २२६.

"उतरली!"

"पट्टीच्या चुकीत बसतं ते," ताई म्हणाली. "ग्लुकोमीटर पंधरा टक्के इकडेतिकडे चालतो."

माझे १३१ आले. मी सुटकेचा श्वास टाकला. ताईने फार लक्ष न देता बोट पुढे केलं. तिला मधुमेह नाही, घरात पाळीने सगळ्यांची तपासणी ती करून घेते, स्वतःची कधी केली होती हे तिला आठवत नव्हतं. मामाने सुई दाबली, थेंब पट्टीवर घेतला. पाच सेकंद यंत्र मोजत राहिलं.

१७३.

"एका आकड्यावर काही ठरत नाही," ताई म्हणाली.

"नाहीच ठरत," मामा म्हणाला. मग तिच्या बोटांकडे बघून, वर्गात विचारायचा त्या आवाजात: "आंबा चिरल्यावर हात धुतलेस?"

ताई उठली. बेसिनपाशी जाऊन तिने साबण लावला, मनगटापर्यंत, नळ बराच वेळ चालू ठेवला. टॉवेलने एकेक बोट कोरडं केलं आणि येऊन दुसरा हात पुढे केला.